बू सुमीची आई

बू सुमी दारातून आत येताना मान खाली घालायच्या. कुठल्याही दारातून. आमच्या घराच्या, लिफ्टच्या, अगदी कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानाच्या आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दारातूनसुद्धा. उंची असेल नसेल पाच फूट, तीही चपलेसकट. डोक्यावर हातभर जागा मोकळी असायची, तरी ही बाई उंबरठ्याशी क्षणभर थांबणार, टाळूवर तळहात ठेवणार आणि वाकून आत शिरणार. जपानी शेजारणींना वाटायचं, काय ही नम्रता! म्हणून त्या उलट वाकायच्या. मग बू सुमी पुन्हा वाकायच्या, आणि दारात बराच वेळ नुसती कवायत चालायची. आमची सई चार वर्षांची होती. तिनं ते बघून बघून उचललं आणि बालवाडीत ती महिनाभर प्रत्येक दारातून वाकून गेली. तिच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, हे तुमच्या धर्मात आहे का?

आमची ओळख मात्र दारामुळे नाही, वासामुळे झाली. आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात नवीन होतो. माझ्या नवऱ्याचं ऑफिस तोयोसुला, खाडीकाठच्या उंच टॉवरमध्ये. पुण्यामुंबईची पुष्कळ मुलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर येत होती आणि त्यांच्या बायका आमच्या इमारतीत माझ्यासारख्याच कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाठ करत होत्या. एका दुपारी चुकून पाचव्या मजल्यावर लिफ्टबाहेर पडले आणि जागच्या जागी थांबले. कुणीतरी जवळा भाजत होतं. मी अलिबागकडची, तो वास मी झोपेतही ओळखेन. टोकियोत तो कुठून आला हे बघायला मी वासाच्या मागे मागे गेले आणि एका दाराची बेल दाबली.

दार उघडलं ते रडवेल्या चेहऱ्याच्या एका बाईनं. डोक्याला रुमाल, हातात चिमटा. वासाबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी काही बोलायच्या आतच तिनं तीनदा माफी मागितली. मी नाकाकडे बोट केलं, मग छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. बाई बघतच राहिली. मग आत गेली आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली एक काळपट वडी घेऊन आली. जवळा मिठात कुटून, वाळवून केलेली त्यांच्याकडची ती वडी मी त्याच संध्याकाळी चटणीत घातली. माझा नवरा सदाशिव पेठेतला. ऐन डिसेंबरात त्यानं दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या आणि आम्ही सगळे कोट घालून जेवलो.

नाव सुमियाती. इमारतीत सगळे सुमी-सान म्हणायचे. मी काय म्हणू विचारलं तर म्हणाल्या, ‘आमच्याकडे मोठ्या बाईला बू म्हणतात. बू म्हणजे आई, मावशी, मास्तरीण, जे हवं ते.’ मला त्या ‘म्बाक अंजू’ म्हणत, म्हणजे अंजूताई. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण त्यांच्यात धाकट्या बाईलाही असा मान देतात. बोलायची भाषा जपानी, आणि दोघींची मोडकी. पण ती वेगवेगळ्या जागी मोडलेली असल्यामुळे दोघींची जोडून एक धड वाक्य व्हायचं.

त्यांचे यजमान मोरिता-सान. सत्तरीला टेकलेले, सडपातळ, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते कोळंबी विकत घेणाऱ्या एका कंपनीतर्फे इंडोनेशियात गेले होते. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं बू सुमींचं गाव, तिथे त्यांचा मुक्काम असे. बू सुमींची आई त्यांना जेवायला वाढायची. लग्नासाठी त्यांनी धर्म बदलला, नाव बदललं, आणि जपानला परत आल्यावर दोन्ही गोष्टी कपाटात ठेवून दिल्या. संध्याकाळी ते बाल्कनीत बसून साके घेत आणि बू सुमी आत नमाज पढत. एकमेकांच्या आड कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

दाराचं कोडं मला बऱ्याच दिवसांनी उलगडलं. एकदा बू सुमी आमच्याकडे भाजी निवडत बसल्या होत्या. उठताना त्यांनी सवयीनं जमिनीला हात लावून पाहिला. त्या नेहमीच पाहायच्या, ओल आहे का म्हणून. मी म्हटलं, ‘बू, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. इथे कुठली ओल?’

‘तुला काय माहीत,’ त्या म्हणाल्या. ‘पाण्याला घाई नसते. घाई आपल्याला.’

आणि मग त्यांनी घराचं सांगितलं. त्यांच्या गावची जमीन खचत होती आणि समुद्र आत येत होता. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी घरात शिरायचं. त्यावर गावाचा उपाय एकच होता, घरात माती भरणं. डोंगराकडून ट्रकनं माती आणायची, जमिनीवर वीतभर अंथरायची, चोपायची आणि त्यावर पुन्हा संसार मांडायचा. काही वर्षांनी पाणी तिथवर पोचलं की पुन्हा माती. छप्पर उचलणं परवडायचं नाही. त्यामुळे जमीन चढत गेली आणि छप्पर जिथल्या तिथे राहिलं. खिडक्या गुडघ्यांपाशी आल्या. दारं बुटकी झाली आणि सगळं गाव वाकून चालायला लागलं. बू सुमींच्या कपाळावर केसांलगत एक पांढरा व्रण होता, तो चौकटीचा.

‘दार तेच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आम्हीच वर आलो.’

आम्हा खाजणाकाठच्या लोकांना बांध फुटणं म्हणजे काय ते माहीत असतं. माझ्या आजोळी उधाणात शेतात खारं पाणी घुसलं की बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहायच्या. पण तिथे बांध घालता येतो, चार वर्षांनी शेत गोडं होतं. पायाखालची जमीनच निघून जाते, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला ते ऐकवेना, आणि ऐकायचं थांबवताही येईना.

पूर्वी तिथे भात व्हायचा. मग खाऱ्या पाण्याची तळी झाली, त्यात मासे पाळायचे. समुद्राच्या बाजूला तिवरांचं दाट बन होतं. बू सुमी लहान असताना बायका त्यात खेकडे धरायला जायच्या आणि हाका मारत राहायच्या, नाहीतर एकमेकींना सापडत नसत. मग मोरिता-सान आले. जपानला कोळंबी हवी होती, मोठी, पट्ट्यापट्ट्यांची. ते आपला पंजा पसरून दाखवत, एवढी हवी. गावानं तिवरं तोडली आणि तळी खणली. दोन वर्षांत कौलारू घरं झाली, दारात मोटरसायकली आल्या, छपरांवर टीव्हीच्या तबकड्या लागल्या. कधी तालुका न पाहिलेले म्हातारे हज करून आले. पंजाएवढ्या कोळंबीला गावात नावच पडलं, ‘मोरिता’. पोरं बाजारात ओरडायची, मोरिता घ्या, मोरिता.

‘आणि मग?’

‘मग कोळंबीवर पांढरे ठिपके आले. एका आठवड्यात सगळी तळी मेली. पैसा गेला. तिवरं आधीच गेली होती. समुद्रानं पाहिलं, दाराला कडी नाही.’

गाव का बुडतंय यावर गावात मतं होती. कुणी शेजारच्या नव्या बंदराला बोल लावी, कुणी कारखान्यांना, ते जमिनीतलं पाणी उपसतात म्हणून. बू सुमी कुणाला बोल लावत नसत. फक्त तसली मोठी कोळंबी घरात आणत नसत. नवीन वर्षाला जपानी लोकांत कोळंबी लागते, तिच्या वाकड्या पाठीसारखं म्हातारपण लाभो म्हणून. मोरिता-सानांची भाची दरवर्षी सजवलेला डबा पाठवायची. त्यातली कोळंबी त्या अलगद उचलून आमच्याकडे आणून द्यायच्या. मी निमूट खायचे. जपानात कोळंबी महाग, आणि दुःख त्यांचं असलं तरी जीभ माझी होती.

दर रविवारी दुपारी त्या धाकट्या बहिणीला, तुतीला, फोन करत. स्टेशनजवळच्या दुकानात परदेशी फोनची कार्डं मिळायची, मागचं खरवडून नंबर काढायचा. मीही तिथूनच घ्यायचे. आमचा पहिला प्रश्न ‘जेवलात का’. बू सुमींचा पहिला प्रश्न ‘कुठवर?’ पलीकडून उत्तर यायचं, घोट्यापर्यंत, किंवा चुलीच्या दुसऱ्या विटेपर्यंत. मग बाकीची ख्यालीखुशाली. एकदा त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. बोलणं कळत नव्हतं, पण मागे काहीतरी हळूहळू आपटत होतं, भांडं पाण्यावर हलावं तसं. मी कशाचा आवाज म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पलंग.’

अशाच एका रविवारी मी तिथे होते. मोरिता-सान टेबलाशी बसून संत्रं सोलत होते. तुती काहीतरी म्हणाली आणि बू सुमींनी फोन बंदच केला. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं. गावातल्या पोरांनी त्या पाण्यालाच आता मोरिता म्हणायला सुरुवात केली होती. तोही असाच यायचा, आवाज न करता, चपला बाहेर काढून. तुतीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं होतं, मोरिता घरात आलाय. ‘ते इथे संत्रं सोलतायत, म्बाक,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तिकडे माझ्या बहिणीच्या खाटेखाली.’ बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याच्या हातातली फोड घेतली आणि खाल्ली. मला त्या घरात बसवेना. निमित्त काढून मी खाली आले.

आमच्या वस्तीत, नदीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर, एक निळा खांब होता. त्यावर वेगवेगळ्या उंचीवर पट्टे होते. मी रोज सायकलवरून त्याच्या शेजारून जायचे, पण ते काय आहे कधी वाचलं नव्हतं. बू सुमींनी मला थांबवून दाखवलं. माझ्या डोक्याच्या वर असलेला पट्टा म्हणजे भरतीच्या वेळी समुद्राची पातळी. हा सगळा भाग समुद्राच्या खाली आहे, बांधानं आणि पंपांनी कोरडा ठेवलेला. त्या खांबाला हात लावून त्या शांतपणे म्हणाल्या, ‘आपण आत्ता पाण्याखाली उभ्या आहोत. फक्त पाणी आलेलं नाही.’ त्यानंतर कित्येक दिवस मी सईला घेऊन त्या रस्त्यानं गेले की मान आपोआप वर व्हायची.

आता त्यांच्या आईचं सांगते, कारण बू सुमींच्या मनात दुसरं काही नव्हतंच. त्या जपानला आल्यावर थोड्याच वर्षांत आई वारली. गावच्या कबरस्तानात तिला मूठमाती दिली आणि उशाशी सागवानी लाकडाची खूण रोवली. दोघी बहिणींत ठरलं होतं, आईच्या डाव्या अंगाची जागा सुमीची. मग पाणी कबरस्तानातही आलं. तेव्हा गावानं तिथेही तोच उपाय केला. दरवर्षी रमजानच्या आधीच्या महिन्यात लोक जमायचे, कबरीवर माती टाकायचे, बुडालेली खूण उपटून वर आणायचे आणि नव्या मातीत रोवायचे. घरासारखंच. बू सुमी दरवर्षी त्यासाठी जायच्या. विमानात निम्मं सामान तुतीच्या पोरांसाठी आणि परत येताना नखं मातीनं तांबडी.

‘आई खाली जाते,’ त्या म्हणायच्या. ‘नाव वर येतं.’

मी एकदा त्यांची समजूत काढायला गेले. म्हटलं, आमच्यात दहन करून राख शेवटी पाण्यातच सोडतात, त्यात वाईट काही नाही. बू सुमींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. म्हणाल्या, ‘तुमची माणसं हलकी होऊन जातात. आमचं माणूस तिथे झोपलंय. त्याला उठवीपर्यंत कोरडं ठेवायचं, हे आमचं काम.’ कयामतीच्या दिवशी सगळे उठणार, आणि आई पाण्यात उठली तर तिला पोहता येत नव्हतं, ही त्यांची खरीखुरी भीती होती. पन्नाशी उलटलेली बाई, बँकेचे व्यवहार करणारी, जपानी वर्तमानपत्र चाळणारी. पण ही भीती लहान मुलाच्या भीतीसारखी निखळ होती. तिच्यापुढे माझं शहाणपण चालेना.

आमच्या तिथल्या चौथ्या वर्षी गावानं हात टेकले. सरकारनं आत, रस्त्यापलीकडे जागा दिली. घरं सोडायची ठरली, आणि मौलवींनी सांगितलं, ज्यांना आपले मृत उचलून न्यायचे असतील त्यांनी न्यावे, पाणी आलं असताना त्याला मुभा आहे. तुतीचा फोन आला. बू सुमी त्याच दिवशी मोरिता-सानांसमोर जाऊन बसल्या. त्यांच्या रिवाजाप्रमाणे कबरीत उतरायचं ते घरच्या पुरुषानं. भाऊ नव्हता, तुतीचा नवरा होडी उलटून गेला होता. घरातला पुरुष म्हणजे जावई. मोरिता-सान पंधरा वर्षांत त्या गावाला गेले नव्हते. त्यांनी उठून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून रबरी बूट काढले, तेच जुने, तळ्यांवर घालायचे. हे मला बू सुमींनीच सांगितलं, जाताना, आनंदानं. आनंदानंच म्हणायला हवं. आईला कोरड्या जागी नेणार म्हणून त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की त्या दिवशी आमच्या दारातून वाकल्याच नाहीत.

तीन आठवड्यांनी परत आल्या त्या दुसऱ्याच झाल्या होत्या. मी विचारलं, काम झालं? म्हणाल्या, झालं, आई नव्या जागी आहे. मोरिता-सानांनीही तेच सांगितलं, आणि सांगताना प्रथमच माझ्यासमोर हसले. पण बू सुमी दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या मृतांसाठी कुराण वाचत, तेव्हा पूर्वी आईसाठी एक कप चहा ठेवत. आता दोन ठेवायला लागल्या. एक बिनसाखरेचा, एक भरपूर गोड. मोरिता-सानांना वाटे, गोड आपल्यासाठी आहे. वाचून झालं की येऊन ते तो पिऊन टाकत, आणि बू सुमी त्यांना पिऊ देत.

मी चहाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं. आमच्या परतीचं ठरलं होतं, सामान खोक्यांत भरून झालं होतं. दुपारी नदीच्या बांधावर आम्ही बसलो होतो. ती त्यांची आवडती जागा, आसपासच्या वस्तीत तेवढंच काय ते उंच. खाली पोरं सायकली शिकत होती.

‘आईला एकही दात नव्हता,’ त्या म्हणाल्या. ‘पान खायची तर पितळेच्या खलात कुटून द्यावं लागायचं.’

मला संदर्भ लागेना.

ओहोटी बघून काम सुरू केलं होतं. गावातल्या माणसांनी वाळूच्या पोत्यांचं कडं केलं आणि कोळंबीच्या तळ्यांवरचा जुना पंप आणून लावला. मोरिता-सान आत उतरले. खणताना दरवर्षीची माती वेगळी निघायची, तांबडी, पिवळी, विटांच्या तुकड्यांची. बू सुमी काठावरून ओळखत होत्या, ही मी घातली, ही तुतीनं. मग काळी, जुनी जमीन लागली, आणि तिच्यात काहीच नव्हतं. इतकी वर्षं पाण्यात चाचपडत खूण उपटायची आणि पुन्हा रोवायची. दरवेळी वीतभर इकडे नाहीतर तिकडे सरकत ती भलतीकडेच गेली होती. सगळ्यांच्याच खुणा सरकल्या होत्या. कोण कुणाच्या नावाखाली आहे ते गावात कुणालाच सांगता येईना.

मोरिता-सान डावीकडे खणू लागले, मग उजवीकडे. भरती फिरली. पोत्यांमधून पाणी यायला लागलं. मौलवी म्हणाले, आता पुरे, एक मूठ माती उचला, तीच नेऊ. ते ऐकेनात. कमरेएवढ्या पाण्यात सत्तरीचा माणूस, ओठ निळे पडलेले, वाकून वाकून हातानं चाचपतोय आणि गाव काठावर उभं राहून बघतंय. कुणी त्यांना शिवी दिली नाही, कुणी वर या असंही म्हटलं नाही. बू सुमींना वाटलं, आईला शोधताना हा इथेच राहणार.

‘आणि त्यांच्या हाताला लागलं काहीतरी,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी पांढऱ्या कापडात घेऊन माझ्यासमोर धरलं. म्हणाले, सुमी, बघ. मी पाहिलं. सगळे दात होते. बारीक, सारखे, एकही पडलेला नाही. कुणाची तरी तरणी पोर होती ती.’

‘मग?’

‘मी म्हटलं, हीच. आई हीच. वर या.’

खाली एक मुलगा सायकलवरून पडला आणि उठला. बू सुमी त्याच्याकडे बघत होत्या.

‘आमच्याकडे होडी उलटली तर आपलं माणूस शोधत बसायचं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हाताला लागेल त्याला आधी वर ओढायचं. नाव काठावर आल्यावर विचारायचं. माझ्या हाताला त्या दिवशी दोघं लागले, म्बाक. ती पोर आणि मोरिता. दोघांना वर घेतलं. आई राहिली.’

त्या पोरीला त्यांनी आईच्या नावानं न्हाऊ घातलं, गुंडाळलं आणि नव्या कबरस्तानात ठेवलं. तुतीनं ओळखलं की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. मोरिता-सानांना मात्र कळलेलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांना वाटतं आई सापडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नीट झोपतात. आता ती पोर येते, संध्याकाळची, दाराशी उभी राहते. काही मागत नाही, फक्त विचारते, माझं नाव काय? मी विचारलं, आणि आई? ती येते का?

‘नाही,’ बू सुमी म्हणाल्या. ‘आई रागावली असती तर बरं होतं. आई गप्प आहे.’

मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. निघताना एवढंच म्हणाल्या, माझी जागा त्या पोरीच्या डाव्या अंगाला, तिच्याशेजारी कुणीतरी आपलं नको का? आठवडाभरानं आम्ही पुण्याला आलो.

फोन चालू राहिले, मग विरळ झाले, जसे होतात. दोन वर्षांनी एके सकाळी मोरिता-सानांचा फोन आला. ते कधीच फोन करत नसत, म्हणून आवाज ऐकताच मी खुर्चीवर बसले. बू सुमींच्या पोटात गाठ निघाली होती, आणि सगळं फार भराभर झालं. त्या घरीच वारल्या. मोरिता-सान त्यांना विमानानं गावी घेऊन गेले आणि स्वतः कबरीत उतरून त्यांना आईशेजारी ठेवून आले. माझं जपानी गंजलं होतं. सांत्वनाचे शब्द आठवत नव्हते. मी म्हटलं, ‘आता त्या आईपाशी आहेत.’



‘अंजू-सान,’ ते म्हणाले, ‘तुम्ही तिच्या जवळच्या होता म्हणून विचारतो. ती बाई सुमीची आई नव्हती. तिच्या आईच्या हातचं मी तीन वर्षं जेवलोय. ती हसली की नुसत्या हिरड्या दिसायच्या. कापडात घेतलं तेव्हाच मला कळलं होतं. मी सुमीला दाखवलं ते, ही नाही, असं तिनं म्हणावं म्हणून. पण ती म्हणाली, हीच. वर या. तिचा चेहरा इतका शांत होता. मला वाटलं, तिला समाधान मिळालंय, तर आपण कशाला बोलायचं. मी पुन्हा खाली उतरलो नाही.’ मग त्यांनी विचारलं, ‘सुमीला कळलं नव्हतं ना? तुम्हाला कधी काही बोलली?’

सईचा शाळेचा डबा माझ्या पुढ्यात उघडा पडला होता. मला बांधावरची दुपार आठवली, त्यांचा आवाज, त्या पोरीचे बारीक, सारखे दात, हे सगळं. खरं सांगितलं असतं तर ते जन्मभर त्या पाण्यात उभे राहिले असते.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्या नेहमी सांगायच्या, मोरिता-सानांनी माझी आई शोधून दिली.’

ते म्हणाले, ‘बरं झालं.’ मग त्यांच्या त्या नीटस, कोरड्या आवाजात सांगितलं, की त्या अनोळखी मुलीच्या उजव्या अंगाची जागा त्यांनी स्वतःसाठी मागितली आहे, आणि गावानं थोडा विचार करून हो म्हटलंय. फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, बू सुमींच्या घरचे.